डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं निम्मी रिकामी. मदत हवी आहे

उबुंटू सर्व्हर आहे, ५० जीबीचं एकच रूट पार्टिशन, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत). ॲप काहीही लिहायला गेलं की 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' अशी एरर येते.

डिस्कची जागा मोजणाऱ्या दोन कमांड चालवल्या. डीएफ -एच / चा निकाल: साइज ४९जी, यूज्ड ४७जी, अव्हेल ०, यूज १००%.
डीयू -एसएच / ची बेरीज: २१जी.

/व्हार/लॉग मधली ॲपची २४ जीबीची लॉग फाइल आरएमने डिलीट करून झाली, तरी डीएफचा आकडा जागचा हलत नाही. शिवाय ४९ मधून ४७ गेले तर २ उरायला हवेत, तिथे शून्य का? सर्व्हर रीबूट करता येणार नाही.

प्रतिसाद १

दोघंही खरंच बोलताहेत, फक्त मोजतात वेगळं. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं की किती ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) वापरात आहेत. डीयू फोल्डरांमधून फिरतं आणि ज्या फाइलींना नाव आहे त्यांचीच बेरीज करतं.

आधी डीयू नीट चालवा. सुडोशिवाय (म्हणजे रूट या ॲडमिन युजरचे अधिकार न घेता) चालवलं की ज्या फोल्डरांत शिरायची परवानगी नाही ती बेरजेतून सुटतात.

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

एक्समुळे ते याच फाइलसिस्टिममध्ये राहतं, /प्रॉक किंवा दुसऱ्या डिस्कमध्ये भरकटत नाही. सॉर्टला -एचच द्या. -एन दिलंत तर ९००एम हे २जीपेक्षा मोठं ठरतं आणि तुम्ही भलत्याच फोल्डरमागे लागता.

आता मुख्य संशय. आरएमने फाइलचं फक्त नाव पुसलं जातं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवली असेल तर ब्लॉक मोकळे होत नाहीत. हे चालवा:

सुडो एलएसओएफ +एल१

इथला एल मोठ्या लिपीतला. ज्यांना एकही नाव उरलेलं नाही पण ज्या अजून उघड्या आहेत, अशा फाइली यात दिसतात. प्रोसेसचा पीआयडी (तिचा क्रमांक), एफडी (उघड्या फाइलचा तिच्याकडचा क्रमांक) आणि साइज हे तीन रकाने बघा.

प्रतिसाद २

शून्य का, त्याबद्दल. ईएक्सटी४ बनवताना डीफॉल्ट ५% ब्लॉक रूट युजरसाठी राखून ठेवतं. ५० जीबीचे ५% म्हणजे २.५ जीबी. अव्हेलचा रकाना सामान्य युजरला किती मिळेल ते सांगतो, म्हणून साइज आणि यूज्डची वजाबाकी तिथे जुळणार नाही. राखीव भाग कमी करता येतो, तोही माउंट असलेल्या पार्टिशनवर:

सुडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/व्हीडीए१

डिव्हाइसचं नाव डीएफच्या पहिल्या रकान्यातून घ्या. साधारण २ जीबी लगेच मिळतील. पण रूट पार्टिशनवर ० करू नका. डिस्क गच्च भरली की सिस्टिमच्या सेवांना आणि तुम्हाला साफसफाई करायला तेवढीच जागा उरते.

डीएफ -आय पण बघून घ्या. आयनोड (दर फाइलमागे एक लागणारी नोंद) संपले तरी एरर हीच येते, मग जीबी कितीही मोकळे असोत. डीफॉल्टने दर १६ केबीमागे एक आयनोड मिळतो, म्हणजे ५० जीबीवर ३३ लाखांच्या आसपास. बारक्या सेशन फाइलींचा ढीग साचला की ते संपतात. ढीग कुठे आहे ते डीयू --आयनोड्स -एक्स / | सॉर्ट -एन ने कळेल.

धागाकर्ता

सुडोने डीयू २३जी दाखवतं. आयनोड ९%. एलएसओएफमध्ये एकच मोठी ओळ: पीआयडी १८४३, एफडी ७डब्ल्यू, साइज २४ जीबीच्या वर, नावापुढे 'डिलीटेड'.

सुडो लावून > ने फाइल रिकामी करायला गेलो तर 'परवानगी नाकारली' येतं.

प्रतिसाद १

सापडली. > हे काम सुडो नाही, तुमचं शेल (तुम्ही टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) करतं, आणि शेल सामान्य युजरचं आहे. म्हणून ट्रंकेट कमांडने फाइल शून्यावर छाटा:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/१८४३/एफडी/७

७डब्ल्यू मधला डब्ल्यू म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडी आहे, आकडा फक्त ७ घ्यायचा. आणि एंटर मारण्याआधी ती लॉगचीच फाइल आहे याची खात्री करा. डेटाबेसच्या फाइलवर हे केलंत तर परत काही मिळणार नाही.

सेवा रीस्टार्ट करणं परवडत असेल तर तेच जास्त बरं. ट्रंकेट केल्यावरही ॲप त्याच बेनावाच्या फाइलमध्ये लिहीत राहतं, म्हणजे लॉग वाचता येणार नाही आणि जागा पुन्हा हळूहळू भरेल. शिवाय ॲपने फाइल अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटी लिहायचं, असं) उघडली नसेल तर ते जुन्याच जागेपासून पुढे लिहितं. मग साइज पुन्हा २४ जीबी दिसते, पण मधली पोकळी डिस्कवर जागा खात नाही. घाबरू नका, डीएफवर विश्वास ठेवा.

धागाकर्ता

यूज्ड २३जी, अव्हेल २४जी, ४९%. सेवा रात्री रीस्टार्ट करतो. पुन्हा होऊ नये म्हणून?

प्रतिसाद ३

लॉगरोटेट (जुनी लॉग फाइल बाजूला करून नवी सुरू करणारं साधन) लावा. ॲप सिग्नल मिळाल्यावर फाइल नव्याने उघडत असेल तर पोस्टरोटेटमध्ये (फाइल बदलल्यावर चालणाऱ्या कमांडांत) तो सिग्नल पाठवा. नसेल तर कॉपीट्रंकेट (प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं), पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी त्यात हरवू शकतात. सिस्टिमच्या जर्नलचं (तिच्या स्वतःच्या लॉगचं) वेगळं बघा: जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज, आणि फुगलं असेल तर सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम.

आणि डीएफमध्ये स्नॅपच्या (उबुंटूच्या ॲप पॅकेजच्या) लूप ओळी कायम १००% दिसतात, त्यावरून अलर्ट लावू नका. त्या फक्त वाचायच्या प्रतिमा असतात, भरलेल्याच जन्मतात. डीएफ -एच -एक्स स्क्वॅशएफएस -एक्स टीएमपीएफएस लिहिलं की स्नॅपच्या आणि रॅममधल्या ओळी गळून कामाच्याच ओळी उरतात.