परदेशातल्या लेखकाने घरची भाषा सोडली तर? (इटालियनांच्या निमित्ताने)

फिरस्ता: अमेरिकेतल्या इटालियन लेखकांचं कौतुक जरा जास्तच होतं. पिएत्रो दि दोनातो, जॉन फान्ते, मारिओ पुझो, सगळे इंग्रजीत लिहिते झाले आणि घरची बोली आजीबरोबर गेली. रविवारचं जेवण तेवढं उरलं. उलट दक्षिण ब्राझील बघा. उत्तर इटलीतल्या व्हेनेतोकडून गेलेल्या शेतकऱ्यांच्या बोलीत आक्विलेस बेर्नार्दी या कापुचिन पाद्र्याने १९२४ पासून वर्तमानपत्रात ‘नानेत्तो पिपेत्ता’ ही एका उनाड पोराची गोष्ट क्रमशः लिहिली. ती बोली, तालियान, आजही जिवंत आहे. २०१४ मध्ये ब्राझीलने तिला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. लेखकाने भाषा सोडली की दोन पिढ्यांत खेळ खलास.

मधली आळी: साफ असहमत. दि दोनातोचा बाप इटलीतल्या अब्रुत्सोचा गवंडी. १९२३ च्या गुड फ्रायडेला बांधकाम कोसळून गेला आणि शाळकरी पोराच्या हाती थापी आली. त्या पोराची १९३९ ची कादंबरी ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’ वाचलीत का? त्यातली माणसं इंग्रजीत बोलतात, पण वाक्यांची ठेवण इटालियन. हेच बोलीत लिहिलं असतं तर वाचलं कोणी असतं? कित्येक गवंड्यांना अक्षरओळखही नव्हती.

फिरस्ता: बेर्नार्दीचे वाचक तरी कुठे पदवीधर होते? एकाने वाचायचं, घराने ऐकायचं.

दुपारचा चहा: दोघंही लेखकाच्याच मागे लागलात! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ‘शत्रूची भाषा बोलू नका’ अशी पोस्टरं लागली, त्यांवर मुसोलिनीसुद्धा होता. ब्राझीलमध्ये हुकूमशहा व्हार्गासच्या राजवटीने तालियानचीही मुस्कटदाबी केली. तरी ती तगली, कारण तिथे अख्ख्या वसाहतीच व्हेनेतो-लोंबार्दीकडच्या, शेजारीपाजारी सगळे तेच बोलणारे. न्यूयॉर्कच्या चाळीत सिसिलीवाल्याची बोली नेपल्सवाल्याला धड कळेना. अशा ठिकाणी एकटा लेखक काय वाचवणार?

मधली आळी: +१. आणि जोसेफ तुझियानीचं काय? इंग्रजी, इटालियन, लॅटिन आणि दक्षिण इटलीतल्या गार्गानोची बोली, चारही भाषांत कविता.

फिरस्ता: तो १९४७ मध्ये, तेविशीत अमेरिकेला गेला, भाषा पक्की करून. अमेरिकेत जन्मलेला एक दाखवा.

सासुरवाशीण: न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्या मराठी शाळेतली पोरं श्लोक झकास म्हणतात आणि भांडतात इंग्रजीत. उद्या त्यातल्या कुणी आजीवर इंग्रजी कादंबरी लिहिली तर मी आधी विकत घेईन, तक्रार नंतर. फिरस्ता, तुमची मुलं कशात लिहितात?