हीथ्रो ते केनेडी: हिशेबात सहा तास, तिकिटावर आठ

प्रश्न (प्रवासी_०७):
लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे अंतर एका ठिकाणी ३,४५० मैल, तर दुसऱ्या ठिकाणी ३,००० मैल दिले आहे. यांतले खरे कोणते? शिवाय ५,५५० किलोमीटरला ताशी ९०० किलोमीटर वेगाने सहा तास दहा मिनिटे पुरायला हवीत. तिकिटावर मात्र जाताना सुमारे आठ आणि परतताना सुमारे सात तास दाखवले आहेत. अंतर तेच असताना वेळ वेगळी का?

नकाशावेडा:
दोन्ही आकडे खरे आहेत. पहिले साधे मैल, दुसरे सागरी मैल; एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि वैमानिक तोच वापरतात. मात्र हे अंतर पृथ्वीच्या गोलावरचे असते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढलीत, तर त्या वाटेने सुमारे दोनशे किलोमीटर जास्त पडतील. सर्वांत जवळची वाट लंडनहून निघाल्यावर आधी थोडी उत्तरेकडे चढते आणि मग खाली उतरते. नकाशावर ती वळसा घेतल्यासारखी दिसते, एवढेच.

वाऱ्याची_दिशा:
वेळेतला फरक वाऱ्याचा आहे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यामुळे अमेरिकेकडे जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात आणि परतताना पाठीशी असतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरून पाहा: जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो आणि सहा तास छप्पन्न मिनिटे लागतात; येताना तो १,००० होतो आणि पाच तास तेहतीस मिनिटांत काम भागते. जाता-येता मिळून वारा फिटंफाट होईल असे वाटते, पण तसे होत नाही: एकूण वेळ वारा नसतानापेक्षा नऊ मिनिटांनी जास्तच भरते, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकते. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला उतरले होते. उरलेली वेळ जमिनीवर जाते. तिकिटावरचा हिशेब विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, रांगेतली प्रतीक्षा आणि उशीर झालाच तर हाताशी असावीत म्हणून धरलेली मिनिटेही येतात.

प्रवासी_०७:
आभार. म्हणजे सकाळी अकराला निघून दुपारी दोनला पोहोचणे हा तीन तासांचा प्रवास नव्हे!

नकाशावेडा:
नव्हे. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे आहे. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काही दिवस हा फरक चारच तासांचा असतो, कारण दोन्ही देश घड्याळे एकाच दिवशी बदलत नाहीत. त्या दिवसांत पुढचे विमान पकडायचे असेल तर तेवढे तपासून घ्या.