छतावरचे सीगल

प्रेषक: होव्हकर
नमस्कार मंडळी,
इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, होव्हमध्ये, पहाटे चारला उजाडतं आणि छतावर भांडण सुरू. धुराड्यामागे सीगलच्या जोडीने घरटं केलंय, आता पिल्लंही निघालीत. आमचं बाळ दुपारीसुद्धा झोपत नाही. घरमालकाने प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवलं. काल एक सीगल त्याच घुबडाच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. माहेरी ऐरोलीत प्रत्येक खिडकीला कबुतरांची जाळी असते. तशी इथे छतावर लगेच मारून घेता येईल का? कोणी घेतली असेल तर कळवा. ज्या गावच्या फुटबॉल टीमलाच सगळे सीगल्स म्हणतात, तिथे शेजाऱ्यांकडे तक्रार तरी काय करणार!

प्रेषक: ऐरोलीकर काका
अगं, आत्ता जाळीच्या फंदात पडू नकोस. तिकडच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वापरातल्या घरट्याला, अंड्यापिल्लांना परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे. तुम्हाला गावभर तेच दिसतात, पण हा हेरिंग गल जातीचा सीगल ब्रिटनच्या पक्ष्यांच्या लाल यादीत, म्हणजे सर्वाधिक चिंताजनक स्थितीतल्या पक्ष्यांत आहे. मे महिन्यात अंडी, साधारण महिनाभर उबवण, पुढे पाच-सहा आठवड्यांत पिल्लं उडायला लागतात. ऑगस्टपर्यंत दम धर. जाळी मारायची ती थंडीत, छत रिकामं असताना, कारण तीच जोडी वर्षानुवर्षं त्याच जागी परत येते. आणि नीट ताणून मारायला सांग. सैल जाळीत पाय अडकून लटकलेली कबुतरं इथे बघवत नाहीत.

तो ओरडा बराचसा भुकेचा आहे. मोठ्या पक्ष्याच्या पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लू त्यावर चोच मारतं, की आईबाप गिळून आणलेलं ओकून भरवतात. निको टिनबर्गन यांनी या ठिपक्यावर प्रयोग केले होते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांतले ते एक. झोप गेलीच आहे तर दुर्बीण घेऊन बघ.

आमच्याकडे सगळं उलटं. इथे पाऊस लागलाय आणि खाडीवर सीगल औषधालाही नाही. ते नोव्हेंबरच्या आसपास येतात, मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातात. तपकिरी डोक्याच्या कुरवांची, म्हणजे आपल्याकडच्या सीगलची, वीण लडाख-तिबेटच्या तळ्यांवर होते. ठाणे खाडीत ते फक्त पोटासाठी येतात, त्यामुळे छतावरची कटकट नाही. थंडीत डोकं पांढरं, डोळ्यामागे तेवढा एक काळसर डाग. जाण्याआधी डोकी रंगायला लागली की सोसायटीत कोणीतरी हमखास विचारतं, हे नवीन पक्षी कुठून आले?

गोंगाट मात्र इथेही असतो, आणि तो आपण विकत घेतो. २०१५ साली या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. लोक येतात, फ्लेमिंगोचे फोटो काढतात आणि कुरवांना शेव-गाठ्या उधळतात. पाकीट फुटलं रे फुटलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्रीने झाकला तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले होते. खाडीवरच्या शेवेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही! कुरव खारं पाणी पचवतो, जास्तीचं मीठ नाकावाटे बाहेर टाकतो, हे खरं. म्हणून त्याला तेलकट फरसाण चारायचं?

तेव्हा घुबड उतरवा आणि रात्री कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवू नका. काही कौन्सिल न फाटणाऱ्या जाड थैल्या देतात, चौकशी कर.

प्रेषक: वर्दिंगकर (माहेर वाशी)
काका, शेवेवर एवढं तोंडसुख नको. डिसेंबरात मुलांना वाशीच्या खाडीकाठी सागर विहारला नेते. फ्लेमिंगो म्हणजे त्यांच्यासाठी लांबवर दिसणारी गुलाबी रेघ. कुरव हातभर अंतरावर येतो, मुलं त्याचे डोळे बघतात. मूठभर शेवेने खाडी मरत नाही. कांदळवनात रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात, त्यांना आधी कोणीतरी अडवा.

प्रेषक: ऐरोलीकर काका
राडारोड्याबद्दल तुझ्याशी शंभर टक्के सहमत. पण मूठ तुझी एकटीची नसते गं, रविवारी किनारा भरलेला असतो. आता उलव्याला नवी मुंबई विमानतळावर विमानंही उतरतात, थवे एका जागी गोळा करायची हौस परवडणारी नाही. डोळेच बघायचे तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट निघते, तीत बसव पोरांना. भरतीप्रमाणे वेळ बदलते, आधी विचारून घे. तपकिरी डोक्याच्या मोठ्या कुरवाचा डोळा फिकट असतो, काळ्या डोक्याच्याचा गडद. पोरं लगेच ओळखायला लागतील.

प्रेषक: होव्हकर
काका, जाळी थंडीतच मारायची, घरमालकाने कबूल केलं. नवीन भानगड अशी की काल एक पिल्लू छतावरून घसरून आमच्या परसात आलंय. धडधाकट आहे, ऐटीत फिरतंय. पण मी दार उघडलं की आई थेट डोक्यावर झेपावते. कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही.

प्रेषक: ऐरोलीकर काका
उचलू नकोस. आईबाप खाली येऊन भरवतात. छत्री उघडून बाहेर जा.

प्रेषक: सचिव
याच चर्चेत जोडून: किनाऱ्यावरची सहल ठरल्याप्रमाणे होणार आहे. बटाटेवडे झाकणाच्या डब्यातच आणावेत, उघड्या परातीत नको. मागच्या खेपेला काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं की माणूस एकटक बघत असेल तर सीगल खाण्याजवळ यायला जास्त वेळ लावतो. वाढपाच्या टेबलाशी नुसतं बघत उभे राहणारे दोन स्वयंसेवक हवे आहेत. नावं शुक्रवारपर्यंत कळवावीत.