टॅमॉक्सिफेन चालू असताना कर्क्युमिनच्या (हळदीतला घटक) कॅप्सूल चालतील का? मदत हवी आहे

रुग्णाचं वय 54, स्तनाचा कर्करोग, ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन संप्रेरकावर वाढणारा). शस्त्रक्रिया आणि किमो झाली, आता टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) 20 मिग्रॅ रोज. सांधे दुखतात म्हणून कर्क्युमिन 500 मिग्रॅ + पायपरीन (काळ्या मिरीतला घटक) 5 मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि ग्रीन टी अर्काच्या गोळ्या सुचवल्या आहेत. वनस्पतीचंच आहे, अपाय नाही म्हणतात. खरं आहे का?

प्रतिसाद 1
वनस्पतीचं तर पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं औषधही आहे, यू झाडाच्या सालीतलं. तेव्हा तो मुद्दा सोडा.

खरी गोम पायपरीनची. कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, म्हणून ते घालतात. 1998 च्या एका चाचणीत 2 ग्रॅम कर्क्युमिनला 20 मिग्रॅ पायपरीनची जोड दिल्यावर शोषण 20 पट झालं. पण पायपरीन औषधं मोडणाऱ्या सीवायपी3ए4 सारख्या एन्झाइम्सनाही अडवतं. टॅमॉक्सिफेनचा बराचसा परिणाम यकृतात अशाच एन्झाइम्सनी त्याचं एन्डॉक्सिफेन हे जास्त प्रभावी रूप झाल्यावर होतो. 2019 च्या एका छोट्या अभ्यासात रोज 3.6 ग्रॅम कर्क्युमिन आणि 30 मिग्रॅ पायपरीन दिल्यावर रक्तातलं एन्डॉक्सिफेन सुमारे 12 टक्क्यांनी उतरलं. तुमचा डोस बराच कमी आहे, पण टॅमॉक्सिफेनची गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असताना मी ही जोखीम घेणार नाही.

धागाकर्ता
पायपरीन नसलेल्या घेतल्या तर? आणि जेवणातली हळद?

प्रतिसाद 2
हळद खुशाल खा. तिच्यात कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत 90 मिग्रॅच्या आसपास.

वरच्या अभ्यासात नुसत्या कर्क्युमिननेही एन्डॉक्सिफेन थोडं घटलं होतं, त्यामुळे पायपरीन नसलं म्हणजे मोकळं रान नाही. लेबलवर ‘काळ्या मिरीचा अर्क’ लिहिलं असेल तर ते पायपरीनच. ‘नॅनो’, ‘फायटोसोम’ हेही शोषण वाढवायचेच प्रकार. अशा कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत.

ग्रीन टी अर्क नकोच. त्यातलं ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) रोज 800 मिग्रॅ किंवा जास्त झालं की काहींची एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचं दाखवणारी रक्तातली पातळी) चढते. (बोर्टेझोमिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध घेणाऱ्यांनी तर हात लावू नये, ईजीसीजी त्या औषधाला चिकटून त्याला निकामी करू शकतं.)

कॅप्सूल आधीच सुरू असतील तर डबीचा दोन्ही बाजूंनी फोटो, रोजचा डोस आणि सुरू केल्याची तारीख ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करायची का विचारा. रक्त पातळ करणारं औषध किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेही आधी सांगा, कर्क्युमिनने प्लेटलेट्सचं चिकटणं कमी होऊ शकतं.

प्रतिसाद 3
सांधे दुखतात हे डॉक्टरांना सांगितलंय का? दुखणं कधी सुरू झालं, टॅमॉक्सिफेनच्या आधी की नंतर, एवढं लिहून न्या. औषधामुळे असेल तर त्यावर वेगळे उपाय आहेत.