महागाई पाव टक्का म्हणे, मग महिनाअखेर काही उरत का नाही?

भांडुपची वही (धागाकर्ती)

२०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन-चार आठवड्यांत तीन बातम्या आल्या. ऑक्टोबर २०२५ची किरकोळ महागाई ०.२५ टक्के, म्हणजे २०१२ साल पाया धरून मोजलेल्या मालिकेतली सगळ्यात कमी. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला. आणि शुक्रवारी, ५ डिसेंबरला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ५.२५ टक्क्यांवर आणला. यावर आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एका मामांनी लिहिलं, "आता ज्याचं भागत नाही त्याला संसार करता येत नाही." ते फार लागलं. रात्री भांडी आवरल्यावर वही काढून बसले.

लग्न झाल्यापासून मी जमाखर्च लिहिते. जून २०१९ आणि नोव्हेंबर २०२५ ही दोन पानं समोरासमोर ठेवली. मिस्टरांचा हातात येणारा पगार तेव्हा ३८,०००, आता ४६,०००. वन रूम किचनचं भाडं १४,५०० होतं, आता २२,०००. डिपॉझिट पन्नास हजारांचं एक लाख झालं. मुलीची शाळेची फी वर्षाला ३२,००० होती, आता ५८,००० आणि व्हॅनचे पैसे दुप्पट. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ११०० वरून १९००. फुल क्रीम दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी २७ वरून ३४.

स्वस्त काय झालं तेही लिहिते, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगते. तूरडाळ मागच्या वर्षी १८० रुपयांनी आणली होती, या महिन्यात १२५ने मिळाली. कांदा-टोमॅटोने यंदा रडवलं नाही. पण डाळीत महिन्याला शंभर-सव्वाशे वाचले आणि भाड्यात साडेसात हजार वाढले, तर मी कुठल्या आकड्याकडे बघून खूश व्हायचं?

माझ्या शिकवण्यांचे सहा-सात हजार येतात म्हणून गाडी चालते. बिल्डिंगमधल्या बायकांची दोन हजारांची भिशी होती, त्यातून मी २०२३च्या दिवाळीनंतर बाहेर पडले. हे फक्त आमच्याच घरी होतंय का?

फोर्टचा बँकवाला

ताई, तुमच्या वहीबद्दल आदर आहे. हिशेब ठेवणारी घरं कमी झालीत. पण एका घराच्या पानावरून "सामान्य माणूस बुडाला" असं म्हणता येत नाही आणि हल्ली तेच चाललंय.

मी कर्जविभागात आहे. २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५ वरून ५.२५ वर आला, सव्वा टक्का. तीस लाखांचं वीस वर्षांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांवरून सव्वासात टक्क्यांवर आलं, तर हप्ता २६ हजारांवरून पावणेचोवीस हजारांच्या आत येतो. महिन्याला तेवीसशे रुपये. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत आयकर नाही, त्या उत्पन्नाच्या माणसाचे वर्षाला ८० हजार वाचले. २२ सप्टेंबरपासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८चा ५ झाला, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा शून्य. मुंबईत सिलिंडर ऑगस्ट २०२३ मध्ये १,१०२ रुपये ५० पैसे होता, एप्रिल २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैसे झाला. जुलैत रेल्वेने भाडी वाढवली तेव्हा लोकलचं तिकीट आणि पास वगळले.

आणि २०२४ साली एकट्या मुंबईत १ लाख ४० हजारांहून जास्त घरांच्या-गाळ्यांच्या नोंदण्या झाल्या. पैसा नसलेल्या शहरात हे होतं का?

भांडुपची वही

तुमचा एकेक मुद्दा मी आमच्या घराला लावून बघितला.

४६ हजार गुणिले बारा म्हणजे साडेपाच लाख. नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत कर २०२३पासूनच नव्हता. म्हणजे यंदाच्या सवलतीत आमचा एक रुपया वाचला नाही, कारण भरतच नव्हतो. हप्ता कमी झाला तो घर घेतलेल्याचा. मी भाडेकरू आहे. घरमालकाचा हप्ता उतरला म्हणून अकरा महिन्यांच्या नव्या करारात भाडं उतरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. साबण-शाम्पूचं म्हणाल तर हो, वाण्याकडे साठ-सत्तर रुपये वाचतात. तेवढं मान्य.

लोकलचा पास वाढला नाही हेही खरं. पण स्टेशनपर्यंत बेस्टचं किमान भाडं मे महिन्यात ५ चं १० झालं आणि रिक्षा फेब्रुवारीत २३ ची २६.

फोर्टचा बँकवाला

बेस्टचं पूर्ण सांगा. जुलै २०१९च्या आधी किमान भाडं ८ रुपये होतं, तेव्हा ते उतरवून ५ केलं. म्हणजे सहा वर्षांनंतर मूळ भाड्यापेक्षा फक्त दोन रुपये जास्त. मधली सहा वर्षं मुंबईकराने स्वस्त प्रवास केला त्याची नोंद तुमच्या वहीत नफा म्हणून आहे का? आपल्याला वाढ आठवते, उतार आठवत नाही.

कालिन्यातली वाचक

मी अर्थशास्त्र शिकतेय, म्हणून दोन गोष्टी सांगते. ०.२५ हा वाढीचा वेग आहे. भाव खाली आले असा त्याचा अर्थ नाही, वर्षभरात ते जवळपास जिथल्या तिथे राहिले एवढाच आहे. ज्यावरून ही महागाई मोजतात तो भावांचा निर्देशांक (२०१२ साली १०० धरलेला) जून २०१९ मध्ये १४३च्या आसपास होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो १९७ होता. म्हणजे ३७-३८ टक्के वाढ. ताईंच्या घरचा पगार त्याच काळात २१ टक्के वाढला. सरकारी निर्देशांकच धरला तरी ताईंचं घर मागे पडलंय. त्यासाठी वेगळ्या आकडेवारीची गरजच नाही.

दुसरं, २०१२ पायाच्या या निर्देशांकात खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के वजन, म्हणजे वाटा, होता, शिक्षणाला साडेचार आणि आरोग्याला सहाच्या आत. ही वजनं २०११-१२च्या घरखर्चाच्या पाहणीवरून ठरली होती. शहरी भागात घराला साडेएकवीस टक्क्यांच्या वर वजन होतं, पण ते अख्ख्या देशातल्या शहरांचं. भांडुपच्या भाडेकरूचे पगारातले ४८ टक्के भाड्यात जातात. म्हणून भाजी स्वस्त झाली की आकडा धाडकन खाली यायचा आणि फी-भाडं वाढलं तरी तो फारसा हलायचा नाही.

आणि हे फक्त एका घराचं नाही. जानेवारी २०२५च्या सरकारच्याच आर्थिक पाहणी अहवालात आहे की पगारी पुरुषांचं महिन्याचं सरासरी वास्तव वेतन २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होतं, २०२३-२४ मध्ये ११,८५८. वास्तव म्हणजे महागाई वजा करून. त्याच अहवालात लिहिलंय की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीवर होता.

फोर्टचा बँकवाला

वेतनाचा आकडा वाचलाय आणि तो मलाही खटकतो. पण त्याच काळात काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २३ वरून ४२ टक्क्यांजवळ गेलं. घरात एकाऐवजी दोघं कमावत असतील तर घराचं उत्पन्न वाढतं. तुम्ही फक्त पुरुषाचा पगार मोजताय. ताईंच्या शिकवण्या हे त्याचंच उदाहरण नाही का?

कालिन्यातली वाचक

त्या वाढीत मोठा वाटा शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्या बायकांचा आहे. रोजगाराच्या सरकारी पाहणीत त्यांना रोजगारात धरतात. काम वाढलं हे खरं, पण पैसा वाढलाच असं त्यावरून म्हणता येत नाही.

भांडुपची वही

आणि साहेब, मी शिकवण्या हौसेने नाही सुरू केल्या. २०२१ मध्ये यांचा पगार सहा महिने अर्धा मिळत होता तेव्हा सुरू केल्या. तेव्हा वाटलं, वर्षभराचा प्रश्न आहे. आता त्या बंद केल्या तर सासूबाईंच्या गोळ्या आणि व्हॅनचे पैसे कुठून आणायचे ते मला माहीत नाही. एका पगारात जे भागायचं ते दोघांच्या कमाईत भागतंय, याला प्रगती म्हणायला जीभ रेटत नाही.

काळाचौकीचे काका

मी गिरणीतला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या चाळीत बायकोच्या अंगावरचं मणी-मंगळसूत्र सोडून सगळं गेलं. मुलांना गावी धाडलं. तुम्ही आज ज्याला ओढाताण म्हणता ती आम्हाला सुबत्ता वाटली असती. घराघरात फ्रीज आहे, हातात मोबाईल आहे, रविवारी बाहेरचं जेवण येतं. गरजा वाढवल्यात, मग पगार पुरणार कसा? कडक बोलतोय, पण मनापासून बोलतोय. व्हॅन कशाला हवी? आमची पोरं चालत गेली म्युनिसिपालिटीच्या शाळेत आणि शिकली.

भांडुपची वही

काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडीलही लालबागचेच. पण एक विचारते, रागावू नका. संपाआधी तुमची नोकरी कायम होती की नाही? फंड, ईएसआय, बोनस? खोली गिरणीपासून चालत दहा मिनिटांवर आणि पागडीची, भाडं नावापुरतं? आमच्या मिस्टरांना बारावं वर्ष लागलं, तरी दर वर्षी नवा करार होतो. फंड कापतात, पण ग्रॅच्युइटीचं विचारलं की मधल्या एजन्सीचं नाव सांगतात. फ्रीज आहे, काका. तो २०१६ मध्ये हप्त्याने घेतला आणि हप्ते फिटलेत. व्हॅन आहे कारण शाळेच्या वाटेत हायवे आहे. म्युनिसिपालिटीची शाळा आम्ही खरंच बघून आलो, पुढच्या वर्षी कदाचित तिथेच घालू. बाहेरचं जेवण वहीत शोधलं. नोव्हेंबरात एकदा, मुलीच्या वाढदिवसाला, ६४० रुपये.

काळाचौकीचे काका

नोकरी कायम होती. खोली पागडीची. ते खरं आहे. त्या बाजूने मी विचार केला नव्हता.

जोगेश्वरीचा किराणा

माझं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. आकडे मला कळत नाहीत, गिऱ्हाईक कळतं. पूर्वी महिन्याचं वाणसामान एकदम भरणारी पंचवीसेक घरं होती, आता सात-आठ. बाकीचे चार-चार दिवसांचं नेतात. पाच लिटर तेलाचा डबा नेणारे एक लिटरच्या पिशवीवर आलेत. उधारीची वही पाच तारखेला साफ व्हायची, आता पंधरा तारीख उजाडते आणि जुन्यातलं थोडं शिल्लक ठेवूनच नवं लिहिलं जातं.

पण बँकवाल्या साहेबांचं म्हणणंही मला दिसतं. मागच्या बाजूला नवा टॉवर झालाय, तिथून महाग बदाम, ओट्स, परदेशी चॉकलेट मागवतात आणि भावही विचारत नाहीत. एकाच गल्लीत दोन बाजार आहेत. दोन्हींची बेरीज केली तर माझा गल्ला वाढलेलाच दिसेल. उधारी मागायला जाताना मात्र माझीच मान खाली जाते, कारण समोरचा माणूस लबाड नाही, त्याच्याकडे खरंच नाहीये.

फोर्टचा बँकवाला

किराणावाल्या दादांचं बोलणं मला पटलं, आणि माझ्या टेबलावरचंही एक सांगतो. यंदा सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं आणि बँकांची सोनेतारण कर्जं वर्षभरात दुपटीहून जास्त झाली. त्यातला काही भाग सोन्याच्या वाढलेल्या भावाचा आहे आणि काही कर्जांची नोंद आता वेगळ्या प्रकारे होते. पण समोर बसलेल्या माणसाला मी कारण विचारतो. धंद्यासाठी असं सांगणारे आहेत. हॉस्पिटल, कॉलेजची फी आणि डिपॉझिट सांगणारेही आहेत, आणि ते पूर्वीपेक्षा जास्त आहेत. माझं मूळ मत बदललेलं नाही, देशात पैसा वाढतोय आणि तो काही घरांत पोचतोय. भाडेकरूचं गणित मी धरलं नव्हतं, हे कबूल करतो.

निफाडकर (सध्या घाटकोपर)

सगळे कांदा स्वस्त झाल्याचं बोलताय म्हणून लिहितो. ०.२५च्या आकड्यामागे खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरात पाच टक्क्यांनी उतरले, हे आहे. ते उतरले म्हणजे कोणाचे उतरले? माझा भाऊ लासलगावच्या बाजारात कांदा नेतो. यंदा किलोला दहा-बारा रुपये हातात पडले, कांदाचाळीत साठवलेल्यातला सडला तो वेगळा. रोप, खत, मजुरी धरून खर्च निघाला नाही. घाटकोपरला मी तोच कांदा पंचवीस-तीसने घेतो. भाजीत माझे महिन्याला चारशे वाचले असतील. आणि ऑगस्टपासून भावाला दर महिन्याला पाच हजार पाठवतोय, गावच्या सोसायटीचं शेतीकर्ज थकू नये म्हणून.

मुंबईतलं घर आणि गावचं घर वेगळं मोजतात. आमचं ताट एकच आहे. माझ्यासारखे चाकरमानी या शहरात किती असतील? त्यांची महागाई कुठल्या तक्त्यात मोजायची?

भांडुपची वही

भाऊ, हे माझ्या वहीत नव्हतं. आमचं गावी काही उरलं नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही.

इथे विचारायचं होतं ते अजून राहिलंय. जानेवारीच्या १५ तारखेला आमचा करार संपतोय. मालक २४,००० म्हणतोय. टिटवाळ्याला ११ हजारांत मिळतं असं कळलंय, पण यांना सकाळी साडेआठला अंधेरीत पोचायचं असतं आणि माझ्या शिकवण्यांची सगळी मुलं इथली आहेत. तिथून रोज जाऊन-येऊन कोणी राहिलंय का? पाण्याचं कसं आहे आणि सकाळच्या कुठल्या गाडीत उभं राहायला तरी जागा मिळते, तेवढं सांगा.

जोगेश्वरीचा किराणा

ताई, माझी बहीण तिकडे आहे. रात्री दुकान बंद केल्यावर तिला फोन करून विचारतो आणि उद्या लिहितो. तोवर मालकाला होकार देऊ नका.