मोरी : घरातली आणि रस्त्याखालची

प्रश्न : तालुक्याच्या रस्त्यावर फलक लागलाय, 'मोरीचे काम चालू, वाहने सावकाश चालवा'. मला मोरी म्हटलं की आजीच्या स्वयंपाकघरातला कोपरा आठवतो, भांडी घासायचा. रस्त्यात मोरी कशाला? 'नाला' म्हणायचं असेल का?

– नाही हो. नाला म्हणजे वाहतो तो. त्याला रस्त्याखालून पलीकडे काढून देणारी वाट म्हणजे मोरी. बांधकाम खात्यात हाच शब्द. सिमेंटचे नळ टाकले की पाईप मोरी, वर स्लॅब टाकला की स्लॅब मोरी.

– दोन्हींचा अर्थ एकच आहे, पाणी बाहेर जायचं भोक. 'मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा' या म्हणीतला बोळा भोकातच कोंबतात ना? घरात भोकावरून त्या अख्ख्या जागेला नाव पडलं, रस्त्यावर शब्द मूळ अर्थाला चिकटून राहिला. हिंदी-पंजाबीतही मोरी आहेच.

– मी या खात्यात नोकरी केली, म्हणून थोडं लांबण लावतो. शब्द जुना, पण रस्त्याखाली त्याला एवढं काम मिळालं ते इंग्रजी अमदानीत. बैलांच्या तांड्याची वाट ओढ्यातून उतरून वर चढायची, पावसाळ्यात तांडेच थांबायचे. चाकाच्या गाडीला ते चालत नाही. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटाचा रस्ता खुला केला, तो गाड्यांसाठी. डोंगर कापून रस्ता काढला की वरून येणारं पाणी कडेच्या गटारात साठतं. ते ठरावीक अंतरावर रस्त्याखालून दरीकडे सोडलं नाही, तर भराव घेऊनच जातं. खडीचा रस्ता रूढ करणाऱ्या मॅकॅडम या स्कॉटिश इंजिनिअरचं तत्त्वही तेच : ओझं शेवटी खालची माती पेलते, ती कोरडी राहिली पाहिजे. खडी कितीही चांगली फोडा, मोरी तुंबली की रस्ता गेला.

१८५४ मध्ये डलहौसीने सार्वजनिक बांधकामाचं वेगळं खातं काढलं. तोवर ही कामं लष्करी मंडळाकडे असत. त्याच वर्षी पुण्यात खात्याच्या हाताखालची माणसं तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. इस्टिमेट इंग्रजीत व्हायचं, पण दगड घडवणाऱ्या वडाराशी आणि मुकादमाशी बोलायला घरचाच शब्द हवा. माझ्या मते मोरी टिकली ती त्यांच्या तोंडी. मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारा खात्याचा मजूर, या शब्दाचंही तसंच. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी आमच्याकडे तो मैलकुलीच राहिला. पावसाआधी मोऱ्यांची तोंडं साफ करणं त्याचं काम.

– मग मोरी कुठे संपते आणि पूल कुठे सुरू होतो?

– हल्लीच्या नियमाने ६ मीटर लांबीपर्यंत मोरी, त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल. ओढ्यातली बसकी, रस्त्याची फरशी वेगळी, तिच्यावरून पुराचं पाणी जाऊ देतात. आणि कोकणातला साकव माणसांनी ओढा ओलांडायचा, गाड्यांनी नव्हे.

– आमच्या आजोळी साकव सुपारीच्या खोडांचा असायचा. आता सिमेंटचा झालाय, नाव साकवच.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. काल परत तिथून गेलो. नळ टाकून झालेत, पण खालच्या तोंडाशी मातीचा ढीग तसाच पडलाय. बोळाच म्हणायचा.