दोनच दिवस इटलीत असतील तर एकाच गावात बसून जेवावं की दोन-तीन शहरं करावीत?

फ्रँकफर्टकर
गेल्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून बोलोन्याला जाऊन आलो. तेव्हापासून एक मत पक्कं झालंय, ते मांडतो. हातात दोन दिवस असतील तर इटलीतलं एकच गाव धरावं आणि तिथलंच खावं. दुपारी रोम, रात्री फ्लॉरेन्स असं केलं की स्टेशनं लक्षात राहतात, चवी राहत नाहीत.

मुळात 'इटालियन जेवण' असं एकच एक काही नाही. मालवणी आणि वऱ्हाडी ताटात असतो तसा फरक बोलोन्या आणि नेपल्सच्या ताटात आहे. बोलोन्यात अंड्यात मळलेला ताजा पास्ता, लोणी, डुकराचं मांस, पार्मिजानो चीज. दक्षिणेत रवा आणि पाण्याचा पास्ता, ऑलिव्ह तेल, टोमॅटो.

क्वाद्रिलातेरो नावाच्या जुन्या बाजारगल्ल्यांत एका दुकानाच्या काचेआड एक बाई पास्त्याची पोळी लाटत होत्या. तिथे मी अर्धा तास उभा होतो. प्रमाण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. लाटणं जवळपास मीटरभर लांब. पोळी त्यावर गुंडाळायची, तळव्यांनी दोन्ही टोकांकडे ताणायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. पिवळीधमक पोळी टेबलावरून खाली लोंबायला लागली तरी कुठे फाटली नाही. मग तिची गुंडाळी करून सुरीने कापे घेतले, पातं खाली सरकवून उचललं आणि झटकलं, तशा सगळ्या फिती मोकळ्या झाल्या. याच त्या टालियातेल्ले. शिजल्यावर फीत 8 मिलिमीटर रुंद असावी, अशी 1972 साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंद झालेली आहे. रागूची, म्हणजे त्यावरच्या मांसाच्या सॉसची कृतीही 1982 साली तिथेच नोंदवली गेली. लाकडी पाटावर लाटल्यामुळे पास्ता किंचित खरखरीत राहतो आणि रागू त्याला धरून बसतो. गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो निसटतो, म्हणून तिथे रागूसोबत स्पॅगेटी देत नाहीत. हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं मात्र दुसऱ्या दिवशी तेच ताट पुन्हा मागवलं तेव्हा.

सिंहगडरोड
मत पटलं नाही. तुम्ही फ्रँकफर्टला राहता, चुकलं-माकलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाल. आम्ही पुण्याहून व्हिसा काढून, वर्षभर पैसे साठवून येतो. युरोपच्या दहा दिवसांत इटलीच्या वाट्याला येतात दोन. सोबत आई असेल, वय 68. ती पुन्हा येणार नाही, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत आहे. तिला कोलोसियम न दाखवता पास्त्याची रुंदी दाखवू का?

आणि पटकन खाल्लेलं खोटं का ठरावं? नेपल्सचा पिझ्झा 485 अंश सेल्सिअसच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत होतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रोमहून नेपल्स जलद गाडीने सव्वा तास. गाडीतून उतरून तो पिझ्झा खाल्ला तर मी नेपल्स चाखलंच की.

कांदापोहे_मिलान
आठ वर्षं मिलानला आहे. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. गाव एक की तीन यापेक्षा घड्याळ बघा. दुपारचं स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. गावं बदलत फिरणारे बरोबर चार वाजता भुकेले होऊन पोहोचतात आणि मग चौकातल्या चित्रांच्या मेनूवाल्या हॉटेलात बसतात. माझे सासू-सासरे आले तेव्हा हेच झालं. मायक्रोवेव्हमधला लझान्या, मधोमध गार. सासूबाई अजून म्हणतात, इटलीत काही खाण्यासारखं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चूक जेवणाची नव्हती, आमच्या वेळापत्रकाची होती.

तुळसवृंदावन
शाकाहारी माणसाचं कुणी बोलतच नाहीये. बोलोन्या आम्हाला सुचवू नका. तोर्तेल्लिनी हा तिथला सारण भरलेला पास्ता, त्याच्या सारणात डुकराचं मांस, हॅम आणि मोर्तादेल्ला सॉसेज, वर ते कोंबड्याच्या रश्श्यात. रिकोटा चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी घ्या म्हणतात, पण त्यातही पार्मिजानो असतं, आणि त्याचं दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या द्रव्याने फाडतात. रोमच्या पेकोरीनो चीजमध्ये कोकराचं. वेटर 'व्हेजिटेरियन' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याच्या हिशेबात चीज शाकाहारीच असतं.

मी दक्षिणेतल्या बारीला गेले होते. वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट वरण आणि शेजारी उकडलेली कडवट चिकोरी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. नाव फावे ए चिकोरिया. पहिल्या घासाला घरची आठवण आली, डोळे भरून आले माझे. जुन्या गावात आर्को बास्सोच्या गल्लीत बायका दारात बसून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळतात, पिठाचा तुकडा सुरीने ओढून अंगठ्यावर उलटा करतात. पण एक लक्षात ठेवा, मोहरीसारख्या पाल्याच्या ओरेक्किएत्तेत बहुतेक वेळा अँचोव्ही मासळी विरघळवलेली असते, दिसत नाही. आधी विचारा.

फ्रँकफर्टकर
तुळसवृंदावन, हे माझ्याकडून सुटलं होतं. बोलोन्या सगळ्यांसाठी नाही, मान्य. पण तुम्हीही एकच गाव धरलंत, म्हणून ते वरण तुमच्यापर्यंत पोहोचलं.

सिंहगडरोड, आईंबद्दल लिहिलंत त्यावर वाद घालणार नाही. कोलोसियम दाखवाच. फक्त फ्लॉरेन्स, पिसा त्यात कोंबू नका, एवढं कळकळीने सांगतो. आई शाकाहारी आहेत का?

सिंहगडरोड
हो, अंडंही नाही. टूरवाले रोज रात्री भारतीय जेवण देतात म्हणून सगळे टूरने जा म्हणतात. पण तिलाच तिथलं खायचंय. मला म्हणाली, "पनीर मी घरी खाईन."

तुळसवृंदावन
मग नेपल्स ठेवाच. मारिनारा पिझ्झा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, बस. चीज नाहीच, त्यामुळे रेनेटचा प्रश्नच नाही. कडा जरा करपलेल्या असतात, ते तसंच असतं, परत पाठवू नका. रोममध्ये आर्टिचोकचा हंगाम असेल, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत, तर ज्यू पद्धतीने तेलात तळलेले 'कार्चोफी आल्ला जुदिया' नक्की द्या. पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरीत होतात.

सिंहगडरोड
लिहून घेतलं. शनिवार रोम, रविवारी दुपारी नेपल्स. दोन शहरं तर दोन शहरं, यापेक्षा कमी मला जमणार नाही.

कांदापोहे_मिलान
रविवारी दुपारी अख्खं कुटुंब घेऊन लोक जेवायला बाहेर पडतात. पिझ्झाच्या दुकानापुढे रांग असेल, आईंना उभं करू नका. साडेबाराला दार उघडतं तेव्हाच पोहोचा.